पोचला का?

तिवशाच्या गोदाबाई पोराचं काम विचारणाऱ्याला "माहा कुलदीप वायरचं करते" एवढंच सांगत. त्यात फारसं खोटं नव्हतं. डिस्क एका खोलीत, संगणक दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या तारेवरून दोघांनी कोणत्या नियमांनी बोलायचं, ते नियम अमरावतीच्या एका लहान कंपनीत बसून कुलदीप लिही. नियम थोडके असावेत आणि तार कितीही वेगवान झाली तरी ते पुरावेत, हा त्याचा हट्ट.

अकोल्याच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मात्र त्याचे नियम रांगू लागले. चित्राचा एक तुकडा पाठवायचा, 'पोचला का?' विचारायचं, 'पोचला' आलं की मग पुढचा. नवी वेगवान तार टाकली, तरी सगळा वेळ विचारपुशीतच जाई. "आज जमलं नाही तर काम दुसऱ्याला," असं तिथल्या दामिनी मॅडमनी कळवलं.

कुलदीप अकोल्याच्या बसमध्ये बसला. बडनेऱ्याला आईचा फोन.

"बाबू, पोचला का बडनेऱ्याले?"

मूर्तिजापूरला पुन्हा. बोरगाव मंजूला तो वैतागला. "माय, आता फोन नाई आला म्हंजे मी मजेत हाओ, असं समज. काई बिघडलं त मीच सांगीन."

बोलता बोलता तो सीटवर ताठ झाला. अरे, हेच तर करायचं! तुकडे सुसाट सोडायचे. एखादा हरवला तरच पलीकडच्याने बोंब मारायची.

अकोल्याला पोचताच फोन पार बंद ठेवून तो सेंटरच्या कोपऱ्यात बसला आणि दुपारपर्यंत नियम बदलले. चित्रं भराभर उमटली.

"छान," दामिनी मॅडम म्हणाल्या. "पण पलीकडचा संगणकच बंद पडला तर? बोंब कोण मारणार?"

कुलदीप पुन्हा नियम चाळू लागला. तेवढ्यात दार ढकलून अकोल्याची पार्बताबाई मावशी डब्यासकट आत आली.

"जिता हायेस ना रे? काहून बंद ठेवला फोन? तुई माय तिकडे रडून राह्यली! म्हणे, पार्बता, स्कॅन सेंटरात जाऊन पोट्ट्याले पाहून ये."

कुलदीप मावशीकडे बघतच राहिला. मग वळला. "मॅडम, पलीकडून अधूनमधून एकच निरोप येईल: जिवंत आहे. तो चुकला की शोध सुरू."

मॅडम हसल्या. "एवढं घाला. काम तुमचंच."

"ते मंग घाल," मावशी म्हणाली. "पयले मायले फोन लाव!"

त्याने लावला.

"पोचला का?"

"पोचलो माय."

"जेवला का?"

मावशीने डबा उघडलाच होता.