आधी कमान, मग मुली

"ती टोपली बाहेर ठेव. आणि गो बाय, तूपण बाहेरच बस. ऐकायला काय, तिथूनसुद्धा येतंय."

हायस्कूलच्या पालकांच्या मिटिंगला शाळा समितीच्या अध्यक्षांनी मला हे सांगितलं. सगळ्यांसमोर. माझा एक पाय दाराच्या आत होता. मासळीचा बाजार उरकून तशीच आले होते. टोपली रिकामी होती, तळाला बांगड्यांचं पाणी तेवढं राहिलं होतं. कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी हसलं. हेडमास्तरही हसले, तोंडावर हात धरून.

माझी लेक वनिता तेव्हा आठवीत. ती मोठ्या माणसांना पाण्याचे पेले देत होती. ती हसली नाही. तिने हातातल्या पेल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी बाहेर पायरीवर बसले. उन्हात. हे मी मुद्दाम सांगते. पुढे लोक म्हणाले, ही बाई पहिल्यापासूनच भांडखोर. नव्हते मी. सांगितलं तिथे बसले. पदर सारखा केला आणि बसले.

अध्यक्षांची हापूसची बाग गावात सगळ्यात मोठी. शाळेची जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली. त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा मीच मासळी घेऊन जायची. मागच्या दारी. सरंगा बोटांनी दाबून, डोळे बघून, निवडून घ्यायचे. तेव्हा त्यांना कसला वास आला नाही.

हे मी सांगते आहे आणि वनिता लिहून घेते आहे. मला तेव्हा माझं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. ऐंशी साल उलटून गेलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट.

आमची शाळा रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर. गाव खाली खाडीला, शाळा वर सड्यावर. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. झाड नाही, झुडूप नाही. पावसात चार महिने गवत, मग तेही वाळतं. चार खोल्या, वर कौलं. दोन खोल्यांना खिडक्या होत्या, पण झडपा नव्हत्या. त्या मिटिंगमध्ये ठरलं की शाळा सुधारायची. सरकार देईल तेव्हा देईल, आपण श्रमदान करू. पालक, मास्तर, मुलं, सगळ्यांनी दर रविवारी यायचं. अध्यक्ष म्हणाले, "शाळा सगळ्यांची आहे." मी ते पायरीवरून ऐकलं.

गणपती झाले आणि वनिता तापाने पडली. लघवीला आग, पोटात कळा. रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोरगी पाणी का पीत नाही?" मला काय माहीत? घरी आल्यावर मी तिला विचारलं. तिने गोधडी तोंडावर ओढून घेतली. मग म्हणाली, "आये, शाळेत जायला जागा नाय. म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाय."

मुलगे कुठेही उभे राहत. मुली कुठे जाणार? सड्यावर अर्ध्या मैलावरचं माणूस दिसतं. दोघीतिघी दप्तरं घेऊन गोल करून उभ्या राहत आणि एक मधे बसे. त्यातही रस्त्याने मोठी मुलं जायची, शीळ घालायची. पाचवीत एकवीस मुली होत्या आणि दहावीत चार. मास्तर म्हणायचे, मुलींना शिक्षणाची आवड नाही.

शाळेत एक शिंदेबाई होत्या, विज्ञान शिकवायच्या. कोल्हापूरकडच्या. वनिता आठ दिवस शाळेत गेली नाही म्हणून त्या घरी आल्या. माझ्या ओट्यावर बसल्या. चहा घेतला, पण पाणी नको म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "सवय झालीया मावशी. मी पण दिवसभर पीत न्हाई."

शिकलेली बाई. हातात घड्याळ. आणि माझ्या पोरीसारखीच तहानलेली.

"तुम्ही बोला की त्या लोकांना," मी म्हणाले.

"माझी नोकरी कच्ची हाय. तुम्ही बोला. तुमचं ते काय काढून घेणार?"

त्या वेळी मला त्यांचा राग आला. पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या मिटिंगला मी पुन्हा बाहेरच बसले. निम्म्या पोरांचे बाप मुंबईला, माझा नवरा लाँचवर खलाशी, म्हणून मिटिंगला बायकाच जास्त. शेतकऱ्यांच्या बायका आत, भिंतीला लागून जमिनीवर. त्यांच्यातलं कोणी बोलत नव्हतं. नवी घंटा घेऊ, झेंड्याचा खांब घेऊ, असं चाललं होतं. मी पायरीवर उभी राहिले आणि म्हणाले, "आधी मुलींना संडास बांधा."

अध्यक्ष म्हणाले, "या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात. पण हिला काय सांगणार. मासेवालीला लाज कसली."

तरी मी बसले नाही. म्हणाले, "लाज आहे म्हणूनच मुली घरी बसतात."

तेव्हा जांभा दगडाच्या चिरेखाणीवर काम करणारे धोंडूतात्या बोलले. त्यांच्या दोन नाती शाळेत होत्या. "बाय बरोबर बोलते. चिरा मी काढून देतो. वाहायचं तुमी बघा." मग भिंतीकडच्या बायका बोलायला लागल्या. एक, दोन, सगळ्याच. हेडमास्तरांना वहीत लिहावं लागलं. पहिलं काम, मुलींसाठी संडास.

भातकापणी झाली, दिवाळी झाली, आणि काम सुरू झालं. ते रविवार मी विसरणार नाही. कातळात शोषखड्डा खणायचा म्हणजे पहार वाजते आणि वाजतच राहते, दिवसाला वीतभर दगड सुटतो. हेडमास्तर बनियनवर उतरले. त्यांच्या हाताला फोड आले, ते त्यांनी सगळ्यांना दाखवले. दहावीचे मुलगे खालच्या विहिरीपासून रांग लावून उभे राहत, कळशी हातोहात वर येई. आम्ही बायका खाणीवरून चिरे आणत होतो. जांभ्याचा चिरा डोक्यावर चढवायला दोन माणसं लागतात, उतरवायला दोन. मधला सगळा रस्ता एकटीचा. माझ्याबरोबर चिरा उचलायला अध्यक्षांच्या भावकीतली एक सून होती. तिचा हात माझ्या हाताला लागे. घाम सगळ्यांचा एकच येत होता. दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून भाकरी खाल्ली. मी सुकट आणली होती, ती मास्तरांनी मागून घेतली. मला वाटलं, झालं. माणसं बदलली. मी अडाणी होते.

खड्डा पुरा झाला. चिऱ्यांची रास खड्ड्याशेजारी लागली. आणि त्याच आठवड्यात वनिता भर दुपारी घरी आली. दप्तर पाठीमागे धरून, दोन मैल चालत. ती नुकतीच शहाणी झाली होती. वर्गात उठली आणि मागच्या मुलांनी डाग बघितला. कोणीतरी फळ्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. आताही विचारलं, तर म्हणाली, पुढे सांग.

तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "मी आता जानार नाय."

मी म्हणाले, "थोडे दिवस कळ काढ गो. चार रविवार. संडास होतोय. मी सांगते ना तुला."

मी तिला शब्द दिला. बापाशी नाही, देवाशी नाही, माझ्या पोरीशी मी बोलले होते.

पुढच्या रविवारी मी पहिला चिरा घेऊन सड्यावर चढले. बघते तर रास जागेवर नाही. सगळे चिरे शाळेच्या तोंडाशी नेलेले. गवंडी दोन खांब उभे करत होता, गुडघ्याएवढे झाले होते. मधे अध्यक्ष खुर्ची टाकून बसलेले. शाळेला कमान होणार होती. वर त्यांच्या वडिलांचं नाव. साहेब लोक यायचे होते शाळा बघायला.

मी हेडमास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, "पाहुणे येणार आहेत ना. आधी कमान. मुलींचं पुढच्या वर्षी बघू."

अध्यक्षांनी खुर्चीवरूनच हात केला. "तिकडे कुठे चाललीस? इकडे टाक."

चिरा डोक्यावर होता. मान थरथरत होती. चिरा डोक्यावर घेऊन माणसाला वाकून बोलता येत नाही. मी सरळ उभी राहून बोलले.

"हा मी मुलींच्या संडासासाठी उचललाय. कमानीला लावायचा असेल तर तुम्ही तुमच्या डोक्यावर घ्या."

"कोणाशी बोलतेस तू?"

"तुमच्याशी."

एवढंच म्हणाले. मी वळले आणि शाळेच्या मागे चालत गेले. उतरवायला कोणी नव्हतं. गुडघे टेकून, मान वाकडी करून मी तो चिरा खड्ड्याशेजारी सोडला. कोपर सोलून निघालं. उठले तेव्हा मागे धोंडूतात्या येत होते. त्यांनी कमानीच्या राशीतला चिरा खांद्यावर घेतला होता. त्यांच्यामागे बायका. मग दहावीचे मुलगे, दोघांत एक. सगळ्यात शेवटी शिंदेबाई, पदर खोचून, नववीतल्या एका मुलीबरोबर एक चिरा धरून. दोघींना तो पेलत नव्हता, दहा पावलांवर खाली ठेवत होत्या, पुन्हा उचलत होत्या. दुपारपर्यंत समोरची रास मागे आली. कोणी ओरडलं नाही, घोषणा दिली नाही. अध्यक्ष खुर्चीवर बसून बघत होते. हेडमास्तर त्यांच्या शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून. त्या हातांचे फोड अजून वाळले नव्हते.

चार दिवसांनी हेडमास्तर घरी आले. कागद घेऊन. म्हणाले, "अंगठा द्या, म्हणजे विषय मिटेल."

मी वनिताला म्हणाले, "वाच."

तिने वाचलं. मी शाळेचे चिरे चोरले. मी मुलांना भडकावलं. मी क्षमा मागते. नाही मागितली तर मुलीचं नाव शाळेतून कमी करण्यात येईल.

वाचून झाल्यावर वनिताने कागद दुमडून त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "माझी आये अंगठा देनार नाय, सर." चौदा वर्षांची पोर. आपलं नाव कापलं जाणार हे आत्ताच स्वतःच्या तोंडाने वाचलेली.

तिचं नाव कमी केलं. एप्रिलनंतर शिंदेबाईंनाही पुन्हा घेतलं नाही. जाताना त्या भेटायला आल्या. मी पाणी दिलं, त्या प्यायल्या. संडास पावसाआधी उभा राहिला. चार भिंती, वर पत्रा, दाराला आतून कडी. धोंडूतात्यांच्या नाती त्याच शाळेतून पुढे शिकल्या. माझी पोरगी त्या संडासात एक दिवससुद्धा गेली नाही. कमानही झाली, ट्रकने चिरे आणून. तिच्याखाली उभं राहून अध्यक्षांनी साहेबांना सांगितलं, मुलींची अडचण आम्ही ओळखली. टाळ्या वाजल्या.

वनिता आता कोळंबी सोलायला जाते. रात्री मला अक्षरं शिकवते. मला कोणी म्हणतं, तुझ्यामुळे बाकीच्या मुलींचं तरी झालं, समाधान मान. मी मानत नाही. ज्यांच्या मुलींचं झालं त्यांनी मानावं.

आता माझी धाकटी लेक पाचवीत गेली आहे. त्याच शाळेत. पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाली, संडासाला कुलूप आहे. पाहुणे येतात तेव्हा उघडतात. स्वच्छ राहावा म्हणून.

मी मासळीची टोपली घेऊनच वर गेले. मधली सुट्टी होती. सगळे मास्तर बघत होते. चिऱ्याच्या तुकड्याने मी कुलूप तोडलं आणि हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. महिन्याने त्यांनी दुसरं लावलं. तेही तोडलं. हेडमास्तर म्हणतात, पोलिसांत देईन. द्या. तिथे मी सही करीन, अंगठा नाही.

तिसरं कुलूप आणलंय म्हणतात, मोठं, रत्नागिरीच्या बाजारातून. लावू देत. सोमवारी मी वर जाणार आहे.