बर्फात आलेली गाठ

"तुझ्या पेशंटची गाठ आली," वैशाली फोनवर म्हणाली. "बर्फात."

मी ओपीडीत होते. रांग दाराबाहेर गेलेली. "कशात?"

"बर्फात गं. थर्माकोलच्या खोक्यात. फॉर्मलिनचा पत्ता नाही. आणि शेजारी बांगडे आहेत."

वैशाली माझी बॅचमेट. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून तो कॅन्सर आहे की नाही ते सांगणारी डॉक्टर. मी सर्जन, कांदिवलीकडच्या एका छोट्या सरकारी हॉस्पिटलात. आमच्याकडे ऑपरेशन होतं, पण ही तपासणी होत नाही. नमुने नेणारी गाडी आहे, ती बहुतेक वेळा गॅरेजात असते. मग आम्ही तुकडा बरणीत घालतो, वर फॉर्मलिन ओततो आणि बरणी नातेवाइकांच्या हातात देतो. फॉर्मलिन हे नाकाला झोंबणारं औषध. त्यात मांस कुजत नाही, पेशी होत्या तशा राहतात. मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत हे पोचवायला खास माणूस असतो. आमच्याकडे नवरा नाहीतर मेहुणा असतो.

ही गाठ सुप्रियाची. पस्तिशीच्या आतली बाई, दोन लहान मुली, आणि स्तनात गाठ. सुईच्या तपासणीत धड हो आलं नव्हतं, धड नाही आलं नव्हतं. म्हणून सकाळी मी अख्खी गाठच काढली होती. आता दुसरा तुकडा मागायला जागाच नव्हती. हा नासला तर सुप्रियाला कॅन्सर आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

बरणी नेली होती तिच्या नवऱ्याने, प्रकाशने. तो तिथेच काउंटरवर उभा होता. "दे त्याला फोन," मी म्हटलं.

"मॅडम, टेन्शन नाय. एकदम फ्रेश आहे."

"प्रकाश, बरणीतलं औषध कुठे गेलं?"

"फेकलं. वास आला तेव्हाच ओळखलं मी. मासळी शिळी झाली की काही हलकट लोक हेच मारतात. माझा मासळीचा टेम्पो आहे मॅडम. असला माल आजवर चढवला नाय. आणि बायकोच्या गाठीला लावू देईन?"

धंद्याच्या हिशेबाने माणूस अगदी बरोबर होता, आणि म्हणूनच वाट लागली होती.

"बरं, पोचायला एवढा उशीर का?"

"अंधेरीला हॉटेलात सुरमई उतरवायची होती. वाटेवरच आहे ना."

मी भीत भीत विचारलं, "हॉटेलात नक्की सुरमईच उतरवलीस ना रे?"

तो दुखावला. "काय मॅडम! वेगळी पिशवी आहे. वर नाव पण टाकलंय, सुप्रिया."

मागून वैशालीचं हसणं ऐकू आलं. मी भडकले. "दात काय काढतेस, आधी फॉर्मलिनमध्ये टाक ती!"

"टाकली केव्हाच. तुझ्या ऑर्डरची वाट बघत बसणार होते काय?" मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "गोठलेली नाही गं, नुसती गार आहे. गोठली असती तर पेशी फुटल्या असत्या. बाहेरची कड गेली असेल. आतलं बघू. प्रॉमिस काही करत नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या मेडिकल सुपरिंटेंडंटनी बोलावलं. "डॉक्टर, पेशंटची गाठ बांगड्यांसोबत गेली म्हणे?"

"गाडी चालू असती तर गेली नसती, सर."

"गाडीचं मी बघतो." ते गाडीचं कित्येक वर्षं बघतायत.

वॉर्डात सुप्रियाला सगळं कळलं होतं. मी राउंडला गेले तेव्हा ती नवऱ्याला अस्सल मालवणीत झाडत होती. "डॉक्टरांनी दिलेला औषद फेकतंस? माका काय झाला तर पोरींका कोण बघतला?"

"तुझ्यासाठीच केलं ना गं," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. मी त्याला चार शब्द सुनावायला आले होते. तसेच गिळून पुढच्या कॉटकडे गेले.

रिपोर्ट यायला दिवस लागतात. तेवढे दिवस प्रकाश रोज ओपीडीच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायची.

शेवटी वैशालीचा फोन आला. "कड खराब झालीय, पण आत स्वच्छ दिसतंय. सगळं बघितलं. कॅन्सर नाही. साधी गाठ आहे." मला रडूच आलं. समोरच्या आजोबांना वाटलं त्यांच्याच एक्स-रेत काहीतरी भयंकर दिसलं. त्यांची समजूत घालण्यात पाच मिनिटं गेली.

दोघांना बोलावून सांगितलं. सुप्रिया खुर्चीवर बसलीच. प्रकाश डोळे पुसत म्हणाला, "बघा मॅडम, बर्फ..."

"नशीब म्हण," मी म्हटलं. "बर्फाचं नाव काढलंस तर बघ." सुप्रियाने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं मला बोलावंच लागलं नाही.

तेव्हापासून बरणी देण्याआधी मी नातेवाइकांना फॉर्मलिन कशासाठी ते समजावते, आणि मग विचारते, धंदा काय करता? रिक्षावाले, शिक्षक, बँकवाले चालतात. गेल्या आठवड्यात एक काका म्हणाले, "घरगुती लोणच्यांचा."

ओपीडी संपल्यावर ती बरणी मी स्वतः नेऊन दिली.