घासलेली नळी

बंदूक पारखणाऱ्याने मामंजींची जुनी दुनळी उजेडात धरली आणि विचारलं, "नळी कुणी घासली?"

मामंजींचे हात आता थरथरतात, म्हणून आपल्या वडिलांची ही बंदूक त्यांना कुणा जाणत्याला विकायची होती. विक्रीआधीच्या कामांच्या माझ्या यादीत परवान्याखाली 'साफसफाई' होती. नळीवरचा तपकिरी रंग मला गंज वाटला. दुपारभर पॉलिश पेपर घासून मी तो काढला होता.

"मीच घासली," मी म्हणाले.

"तो मूळचा रंग होता, वहिनी. निम्मी किंमत गेली."

घर चकचकीत ठेवताना मी आजवर कुणाकुणाच्या हातांच्या खुणा पुसल्या असतील, कोण जाणे. तेव्हा ती स्वच्छताच वाटते. मामंजींकडे बघायचा धीर होईना.

पारख्याने नळीखालचं लाकूड सोडवलं. माझा हात न पोचलेली बोटभर पट्टी तिथे तपकिरीच होती. "एवढी अस्सल राहिलीय."

मामंजींनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"लाकूड लवकर बसवा," ते म्हणाले, "सूनबाईंनी ती पट्टी पाहिलीय."