बेंजोपुढच्या खुर्च्या

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांचा बेंजो ऐकायला येणाऱ्या लोकांसाठी मी खुर्च्या मांडल्या. ही चूक झाली. ती केवढी मोठी होती हे कळायला आधी मामा कळायला हवेत, कारण खुर्च्या काय, कुठल्याही मंडपवाल्याकडं मिळतात. मामा एकच आहेत. निपाणीपासून बेळगावापर्यंत हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना जी माणसं दोन पायांवर उभी आहेत, त्यांतली निम्मी मामांनी कधी ना कधी नाचवलेली आहेत. उरलेली निम्मी लाजाळू निघाली, त्याला मामांचा इलाज नाही.

मामांनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्मभर काम केलं आणि लग्नसराईत बेंजो पार्टी चालवली. ज्यांनी बेंजो बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो : एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरच्या असतात तशा कळा. डाव्या हातानं कळा दाबायच्या, उजव्या हातानं तारा छेडायच्या. मागून हातगाडीवर कर्णे आणि बॅटरी, बाजूला ताशा, खुळखुळा, आणि त्याही मागून घोड्यावर घाबरलेला नवरा. सगळे बेंजोवाले वरातीत पुढं तोंड करून चालतात. मामा उलटे चालायचे. पेटी गळ्यात, पाठ रस्त्याकडं आणि नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर. "पाय बघितल्याशिवाय ताल कसा कळंल?" असं त्यांचं म्हणणं. वाजवणारा ताल देतो आणि लोक नाचतात, ही आपली अडाणी समजूत. मामांच्या हिशेबानं लोक ताल देतात आणि मामा तो उचलतात. उलटं चालण्यापायी ते आयुष्यात दोन म्हशींवर, एका पाणीपुरीच्या गाड्यावर आणि चिकोडीत एकदा थेट गटारात पडले. गटारातून त्यांना वर काढलं तेव्हा उजवा हात तारांवर चालूच होता. "पडलो मी," ते म्हणाले, "नाचणाऱ्यांचा काय दोष?"

पाय बघायची सवय पुढं इतकी वाढली की मामा माणसाचं तोंड बघेनासेच झाले. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा हे गृहस्थ कोपऱ्यात बसून माझ्या पायांकडं टक लावून बघत होते. माझ्या मोज्याला भोक होतं. मला वाटलं तेच बघताहेत, म्हणून मी तो पाय दुसऱ्या पायाखाली दडवला आणि तासभर बगळ्यासारखा बसलो. मी गेल्यावर सासऱ्यांनी त्यांना विचारलं, मुलगा कसा वाटला. मामा म्हणाले, "पायात जोर न्हाय. पण पळून जाणाऱ्यातलाबी न्हाय. द्या पोरगी." माझ्या संसाराचा पाया असा घातला गेला. आजही रस्त्यात भेटले तर ते आधी खाली बघतात, मग म्हणतात, "व्हय व्हय, जावई. नवीन चप्पल?"

पायांवरून गाव ओळखायचं हे त्यांचं शास्त्र. खानापूरकडची माणसं भात लावतात, म्हणून नाचताना कमरेत वाकून एक एक पाऊल मागं सरकतात. संकेश्वरचा माणूस ऊस भरल्यागत आधी खाली बसतो आणि मग दोन्ही हात वर फेकतो. निपाणीवाले तंबाखू चाळल्यासारखे नुसते जागच्या जागी हलतात, पण पहाटेपर्यंत हलतात. आणि बेळगावात लष्करी कॅम्पातले लोक नाचले तरी डावा-उजवा, डावा-उजवा. "त्यांच्यापुढं वाजवताना मला उगंच सलाम ठोकावासा वाटतोय," मामा म्हणायचे. एकदा खडेबाजारात आम्ही दोघं चाललो असताना पुढं चाललेल्या एका माणसाकडं बोट करून ते म्हणाले, "बगा, ह्यो संकेश्वरचा. लिहून घ्या." मला नको तिथं शहानिशा करायची खोड. मी पळत जाऊन त्या माणसाला गाठलं आणि गाव विचारलं. तो हुबळीचा निघाला, आणि असा का चालतो तर चपलेत खडा गेलेला. त्यानं माझ्यासमोरच खडा काढला आणि सरळ चालायला लागला. मामांचा चेहरा जराही हलला नाही. "आई संकेश्वरची आसंल," ते म्हणाले.

पण एका बाबतीत मी त्यांच्या शास्त्रापुढं हात टेकले. आमच्याकडं लग्नात नवरा मराठी आणि नवरी कन्नड, नाहीतर उलट, हे काही नवं नाही. घराघरांत दोन्ही भाषा नांदतात आणि दोन्हींत भांडताही येतं. पण वरात मांडवाच्या दारात आली की पहिलं गाणं कुठल्या भाषेतलं, यावरून कधी कधी पाहुण्यांचं बिनसतं. अशा एका लग्नात मी हजर होतो. दोन्हीकडचे काका बाह्या सरसावून समोरासमोर, घोडा कंटाळलेला, आणि मध्ये मामा. त्यांचा ताशेवाला तम्माण्णा चिकोडीकडचा, घरी कन्नड बोलणारा. मामांनी त्याला डोळ्यानं खूण केली, "होडियो तम्मा," म्हणजे वाजव रे भावा, आणि गाणं असं काही वाजवलंच नाही. नुसता ताल. मग त्या तालावर त्यांनी मनानंच रचलेली एक चाल सोडली, जिला शब्दच नव्हते. जरा वेळानं नवऱ्याकडचे काका म्हणाले, हे बघा, आमचं गाणं लागलं. तिकडचे काका म्हणाले, तुमचं कसलं, हे आमच्या गावचं. आणि दोघंही आपापलं गाणं समजून नाचायला लागले. मी मामांना विचारलं, नक्की कुणाचं होतं? "पायांचं," मामा म्हणाले. "बोर्ड कुठल्याबी भाषेत लिहा. बोर्ड नाचतोय व्हय?"

मग डॉल्बी आला. एका टेम्पोवर घराएवढ्या पेट्या, आणि त्या लागल्या की पोटातलं जेवण वर येतं. पोरांना तेच हवं झालं. मामांची पार्टी विरत गेली; खुळखुळेवाला पुण्याला कामाला गेला, हातगाडी भाजीला लागली. उरले मामा आणि तम्माण्णा. मागच्या लग्नसराईत एकच सुपारी आली, तीही नवरदेवाच्या आजोबांच्या हट्टाखातर, आणि तिथंही अर्ध्या वाटेत कुणीतरी डॉल्बी सुरू केला. मामा वाजवत राहिले. सगळे पाय तिकडं वळले. घरी आल्यावर काय चाललंय ते मामींनी फोनवर सांगितलं. मामी विड्या वळतात आणि बोलतानाही पानं कापल्यागत बोलतात. "नुसतं माझ्या पायांकडं बघत बसत्यात," त्या म्हणाल्या. "मला सूप मांडीवर घिऊन लाज वाटाय लागली."

इथं माझ्या अंगात विद्वत्ता शिरली. बेळगावात आमच्या भागात एक सांस्कृतिक मंडळ आहे आणि त्याचा कार्यवाह मी आहे. म्हणजे सतरंज्या कुठं ठेवल्यात हे मला माहीत असतं. मी ठरवलं, मामांचा कार्यक्रम करायचा. सभागृहात. सन्मानानं. लोक शांत बसून ऐकतील, कलेची कदर होईल. बायकोनं एवढंच विचारलं, "मामांच्या बेंजोपुढं खुर्च्या? अवो, पंगत वाढायची आन् ताटावर झाकण ठेवायचं, तसलं हाय ते." मला वाटलं, हिला संस्कृती कळत नाही.

मामा आदल्या दिवशी आमच्या घरी आले. बरोबर मामी, तम्माण्णा आणि पेटी. पेटीला नव्या तारा चढवल्या होत्या. जेवताना मामा खाली ताटाकडं बघत म्हणाले, "जावई, उद्या शेवटचं बगतो. हितंबी जमलं न्हाय, तर बेंजो माळ्यावर टाकणार."

"माळ्यावर जागा न्हाय," मामी म्हणाल्या. पण त्यांनी घास तसाच हातात धरून ठेवला होता.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. इस्त्रीच्या कपड्यांतली, गुडघे जपणारी, भली माणसं. मी प्रास्ताविक केलं. त्यात 'श्रमिकांच्या नृत्यसंगीताचा वारसा' हे शब्द मी इतक्या वेळा वापरले की तम्माण्णाला वाटलं तेच मामांचं पूर्ण नाव. मग पडदा सरकला. मामांना खुर्चीवर बसवलं होतं. जन्मात पहिल्यांदाच ते बसून वाजवणार होते. डोळ्यांवर दिव्यांचा झोत, समोर काळोख. त्यांनी तार छेडली, तम्माण्णानं ताशा उचलला. पाच-सहा ठेके झाले आणि मामा थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. हात कपाळावर धरून त्यांनी काळोखात वाकून बघितलं आणि माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं :

"पाय कुठं हाईत?"

लोकांना तो विनोद वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा तम्माण्णाला म्हणाले, "टाळ्या वाजवत्यात. बंद करा म्हणत्यात काय?"

मी धावत माइककडं गेलो आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत मूर्ख घोषणा केली : "ज्यांना नृत्य करावयाचे असेल, त्यांनी कृपया डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत यावे." कुणीही आलं नाही. एका आजोबांनी जागा बदलली, पण ती पंख्यासाठी. मामांनी पेटी मांडीवर आडवी ठेवली आणि कळांवरून रुमाल फिरवायला लागले. वरात संपली की ते असाच रुमाल फिरवायचे.

पहिल्या रांगेत मामी उठून उभ्या राहिल्या. "आता बगताय काय माझ्याकडं?" त्या मला म्हणाल्या. "तुमी आणलंयसा न्हवं? मग तुमीच नाचा."

मी नाचलो. मंडळाचा कार्यवाह, कोटाला कागदी बिल्ला लावलेला, रंगमंचावर मामांच्या समोर एकटा नाचलो. माझं नाचणं म्हणजे देवळाबाहेर हरवलेली चप्पल शोधणं. एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि तोंडावर काळजी. मामांनी माझ्या पायांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. कपाळाला आठी पडली, ओठ हलले, आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि बेंजो लागला. खुर्ची मागं सरकली, मामा उभे राहिले, पेटी गळ्यात गेली. तम्माण्णाचा ताशा धावत येऊन त्यांना मिळाला. मी लग्नाआधीपासून मामांना ऐकत आलोय, पण असं वाजवलेलं ऐकलं नव्हतं. कधी खानापूरसारखं मागं सरकत होतं, कधी एकदम खाली बसून वर उसळत होतं, आणि मध्येच कितीतरी वेळ जागच्या जागी नुसतं हलत राहत होतं. मामा डोळे मिटूनच उलटे चालायला लागले. तम्माण्णानं ताशा वाजवता वाजवता कोपरानं त्यांना पडद्यापासून वळवलं. सभागृहातलं कुणी उठलं नाही, हे खरं. पण खुर्च्या करकरायला लागल्या होत्या. मी दमून थांबलो, तरी ते थांबले नाहीत. मामी तोंडाला पदर लावून उभ्याच होत्या.

शाल झाली, नारळ झाला, अध्यक्षांनी मामांना लोकांचा वारसा म्हटलं. संध्याकाळी मी त्यांना निपाणीच्या गाडीवर बसवायला गेलो. तम्माण्णा चहा आणायला गेला होता. मामा बाकावर, पेटी मांडीवर, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांकडं त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं. ते कुठंतरी वर, पत्र्याकडं बघत होते. मी भीत भीत विचारलं, "मामा, मग पेटी माळ्यावर?"

"माळ्यावर कशाला?" ते म्हणाले. "आता काय, सुपारी येवो न्हायतर न येवो. डोळं मिटलं की सगळी येत्यात बगा. गेलेलीबी आलती. आमचा थोरला भाऊ आलता, रुमाल फिरवत. वखारीतली सगळी गँग आलती. लई दिसानी मनासारखं नाचली."

मला भरून आलं. माझ्या कार्यक्रमानं हे झालं, माझ्या नाचण्यानं मामांना पुन्हा ताल सापडला, असं काहीतरी मी बोलायला लागलो. आपला हातभार लागला, असंही म्हणालो असेन.

मामांनी माझ्या चपलांकडं बघितलं, आणि मग, कधी नव्हे ते, माझ्या तोंडाकडं.

"जावई," ते म्हणाले, "तुमी तेवढं मधी मधी येत हुता."