साळवे सरांच्या गाडीचे पाटे

गॅरेजशेजारी वेल्डिंगचं दुकान टाकू नये. भंगारही साठतं आणि किस्सेही साठतात. भंगार निदान कोणीतरी वजनावर घेऊन जातं. भिंगारमध्ये माझ्या दुकानाला लागून दत्तूचं गॅरेज आहे. त्याचं कुठलंही काम अडलं की तो भिंतीवर हातोडी ठोकतो आणि मी हातातलं टाकून जातो. साळवे सरांच्या अ‍ॅम्बॅसिडरच्या वेळी तर भिंतीचा गिलावाच पडला.

*

साळवे सर आम्हा दोघांचे शाळेतले मास्तर. आता रिटायर झालेत. मार्थाबाई त्यांच्या मिसेस. पुढे ऊन लागतं म्हणून बाई कायम मागच्या सीटवर बसायच्या आणि तिथूनच गाडी चालवायच्या, असं सगळं भिंगार म्हणायचं. "हळू. खड्डा आलाय. ती म्हैस दिसली का? दिसली तर मग बोलत का नाही?"

एकदा गाडीचा हॉर्न बंद पडला. दत्तू म्हणाला, नवा टाकू. सर वैतागून म्हणाले, "घाई नाही रे. आमच्याकडे मागच्या सीटवर स्पेअर आहे."

*

मग बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दणके बसता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलं. जुन्या गाडीला मागे स्प्रिंगऐवजी लोखंडी पाटे, एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचे, खडा जरी आला तरी माणूस छताला लागायचा. बाईंनी गाडीत बसणं सोडलं. जामखेडला बहीण, तिच्याकडे जाणंही थांबलं. सर एकटेच गाडी घेऊन फिरायचे आणि मागची सीट रिकामी. बघून वाईट वाटायचं. त्यांचं एकच मागणं होतं, बाई परत गाडीत बसल्या पाहिजेत.

एका टेम्पोवाल्यानं फुकटचा सल्ला दिला. दोन्हीकडच्या पाट्यांतलं एकेक पान काढा, गाडी मऊ होईल. सरांनी ऐकलं. गाडी मऊ झाली नाही, नुसती मागून बसली. रविवारी सर गाडीचं नाक वर करून चर्चला पोचले. पाळकसाहेब दारातच उभे होते. म्हणाले, "सर, आपल्या मंडळीत तुमची गाडीच तेवढी स्वर्गाकडे बघते."

बाई लई हसल्या. गाडीत मात्र बसल्या नाहीत.

*

मग सरांनी मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि गॅरेजात येऊन फर्मान काढलं, "पाटे काढ. मागे कॉइलओव्हर टाक."

दत्तूनं व्हिडिओ दोनदा बघितला. "सर, स्प्रिंगच्या पोटात शॉकअप. मोटारसायकलला मागं असतंय तेच की हे. त्यात काय हाय?"

त्यात काय आहे ते संध्याकाळी कळलं. पाटे काढून कोपऱ्यात टाकले, पुण्याहून मागवलेले कॉइलओव्हर बसवले आणि गाडी ढकलली. बॉडी पुढे गेली. चाकं मात्र तिथंच थांबायचं म्हणत होती, त्यांना जोडणारा सगळा अ‍ॅक्सल मागे झुकला.

भिंतीवर हातोडी वाजली. मी गेलो. दत्तू डोक्याला हात लावून बसला होता. "पाटा नुसता वजन उचलत न्हाई, अ‍ॅक्सल जागेवर धरतो बी. त्यो काढला तर धरनार कोन? इसरलोच."

मग अ‍ॅक्सल धरायला मी जाड पाइपचे चार आर्म करून दिले, आणि एक आडवा दांडा, गाडी डावी-उजवी हलू नये म्हणून.

*

कॉइलओव्हरचं वरचं टोक आधी बॉडीला नुसतं अडकवलं होतं, ते आता पक्कं धरायचं होतं. मी डिकीत जागा ठोकून बघितली तर हातोडी पत्र्यातून खाली गेली. सर शेजारीच उभे होते. भोकातून खाली बघत म्हणाले, "बरं झालं, पाणी साचत का नाही ते आज कळलं."

सगळा गंज कापून काढला आणि इकडून तिकडे नवा पाइप टाकला. त्या गाडीत आता माझं लोखंड जास्त आहे.

*

राहिली ट्रायल. कॉइलओव्हरला आटे असतात, नट फिरवला की स्प्रिंग घट्ट किंवा सैल होते. पण मऊ झालंय हे ठरवायचं कुणी? दत्तूला आणि मला खड्डे कळतच नाहीत, जन्म नगर जिल्ह्यात गेला.

दत्तू सरांची गाडी घेऊन घोडेगावच्या बाजारात गेला आणि येताना मागच्या सीटवर दोन शेळ्या घेऊन आला. सर बघतच राहिले.

"दत्तू, ही बाईंची सीट आहे."

"सर, शेळी टेम्पोत कदी बसत न्हाई, दनके बसतात म्हनून उभीच राहती. ह्या घोडेगावातून निघाल्या तवा उभ्या हुत्या. मी वाटंत उतरून नट सैल करत आलो. शेवटी दोघी बसल्या आन् रवंथ करायला लागल्या. तवा नट तसाच ठिवला. आता हात लावायचा न्हाई."

सीट तीनदा धुतली. तरी बाई पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा नाक वाकडं करून म्हणाल्या, "अहो, कोणाला लिफ्ट दिली होती?"

पण बसल्या. सरांचे डोळे भरून आले, आणि ते उगाच आरसा पुसत राहिले. दोघं जामखेडला निघाले. दत्तूनं रस्त्यावर नारळ फोडला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गॅरेजात हजर. चेहरा पडलेला. भिंतीवर हातोडी वाजली नाही, तरी मी गेलो.

दत्तू घाबरला. "बाईंची पाठ दुकली का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग मागनं आवाज येतोय?"

"कसलाच आवाज नाही." सर मागच्या सीटकडे बघत होते. "भिंगार सोडलं आणि बाईंना झोप लागली. जामखेडला हाक मारून उठवावं लागलं. येतानाही तेच."

"मग तर झाक झालं की सर."

"हो, झालंय चांगलंच." सर मागच्या चाकाशी वाकले. "तो नट थोडा घट्ट होईल का रे? पाठ दुखायला नको. झोप लागू नये, एवढाच."