विसाव्या खोलीची घंटा

माझ्या धाकट्या भावाला घरात आम्ही भिंगरी म्हणतो. जेवताना मध्येच उठून तो नळ बंद आहे का बघून येतो, बोलताबोलता दाराची कडी चाचपतो. मी ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे तिथले कॉम्प्युटर तो सांभाळतो, आणि आमचे बाबा तिथल्याच शेवटच्या खोलीत राहतात. त्यांची छाती कमजोर आहे, श्वास कधी अडकेल सांगता येत नाही. उशाशी घंटेचं बटण आहे. ते दाबलं की माझ्या टेबलावरच्या पडद्यावर खोलीचा नंबर उमटतो. भिंगरीचा सगळा भरवसा त्या बटणावर. बाबांजवळ घटकाभर बसायला मात्र त्याला सवड नसते. यावरून मी त्याला किती वेळा फैलावर घेतलं, पण तो ढिम्म.

मध्यंतरी जिन्याजवळ नवी खोली निघाली. तिला 'एक' हा नंबर मिळाला आणि बाकीच्यांचे नंबर एकेकाने पुढे गेले. बाबा होते तिथेच राहून एकोणिसाचे वीस झाले. कुठल्या बटणाला कुठला नंबर दाखवायचा, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहिलेलं असतं. मी म्हटलं, हाताने बदल की. पण तेवढा वेळ एका जागी बसला तर तो भिंगरी कसला? काळ्या पडद्यावर त्याने एकच कमांड लिहिली: एकाचा दोन कर, मग दोनाचा तीन, मग तिनाचा चार, असं शेवटपर्यंत. एन्टर दाबलं आणि चहाला पळाला.

थोड्याच वेळात वीस उमटला. मी धावले. बाबा आरामात रेडिओ ऐकत होते. परत येते तोच पुन्हा वीस. आता भिंगरी धावला. बाबांनी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. आणखी एकदा तसंच झालं, तेव्हा कुठे पाचव्या खोलीतल्या आजींचा आवाज आमच्या कानावर आला. बाथरूममध्ये अडकून त्या केव्हाच्या घंटा वाजवत होत्या.

भिंगरीने फाइल उघडली. एकाचा दोन झाला होता, आणि पुढच्याच पायरीला त्या दोनाचाही तीन. असं ढकलत ढकलत अख्खा मजला बाबांच्या खोलीत जाऊन बसला होता. बाबांचा श्वास खरंच अडकला असता, तर ती घंटा त्यांचीच हे कळायला काही मार्ग नव्हता.

"मागून सुरू करायचं होतं गं, ताई," तो म्हणाला. "आधी शेवटच्याने सरकायचं, म्हणजे त्याच्या अलीकडच्याला जागा होते."

नशीब, जुन्या फाइलची प्रत ठेवली होती. त्याने एकोणिसापासून उलटं येत एकापर्यंत सगळे नंबर बदलले, नव्या खोलीची ओळ घातली आणि खोलीखोलीत जाऊन बटण दाबून पाहिलं. बाबांच्या खोलीतलं उभ्याउभ्या दाबलं आणि निघाला.

मग वीस नंबर गप्प झाला. माझ्या टेबलाभोवती भिंगरीच्या येरझारा सुरू झाल्या. बाबा बरे आहेत म्हणून घंटा वाजत नाही, की बिघडली म्हणून, हे त्याने मला इतक्यांदा विचारलं की मी वैतागले. जा आणि बघून ये, म्हटलं. तेवढ्यात वीस उमटला. खुर्ची उलथवून तो सुटला, मागोमाग मी.

बाबा उशीला टेकून बसले होते. रेडिओ बंद होता.

"काय होतंय, बाबा?"

"काही नाही रे. सकाळपासून सारखा येत होतास, मग एकदम थांबलास. म्हटलं, आता मीच दाबून बघतो, येतोस का."

भिंगरी दारातच थबकला. मग त्याने स्टूल ओढलं आणि बसला. आता उठेल, मग उठेल, म्हणून मी जरा वेळ पाहिलं आणि टेबलावर परत आले.