सूनबाईनं परत पाठवलेला टँकर

सावनेरच्या रस्त्यावरच्या कोळशाच्या वीज केंद्रात मी उभी हयात काढली. शिक्षण चौथी. पण बॉयलरच्या पाण्याचं काम माझ्याकडे होतं. बॉयलरला कोणतंही पाणी चालत नाही. क्षार असला की नळ्यांना आतून थर धरतो, नळी फुटते आणि अख्खा संच बंद पडतो. वरून फोन यायचे, घाई करायचे. पाणी साफ झाल्याशिवाय मी वॉल्व्ह उघडला नाही.

जुने संच आता बंद झाले. राखेचा बंधारा सपाट करून त्यावर सोलरच्या काचा मांडल्या. त्या धुवायला गावातल्या बायका घेतल्या, त्यात माझी सूनही गेली. मला पटलं नाही. जिथं धूर नाही, धडधड नाही, ते कसलं वीज केंद्र?

पोरगा म्हणाला, "बाबा, तिले करू द्या ना."

मी म्हटलं, "महिनाभर करू दे. मंग मी जाऊन पाहीन. काम फालतू दिसलं तं दुसऱ्या दिवसापासून घरी."

आमच्या घरी माझा शब्द मोडायची पद्धत नाही. सुनेनं मान डोलावली. पण महिनाभर माझ्या चहात साखर जरा कमीच पडत होती.

महिना भरला तसा मी तिच्यासोबत निघालो. काचा तापायच्या आत धुवाव्या लागतात, म्हणून बायका उजाडताच येतात. पोहोचलो तर टँकर उभा. सुनेनं बादलीत थोडं पाणी घेतलं, त्यात क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर बुडवलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, हे साफ केलेलं पाणी नाही. विहिरीचं भरून आणलं तुम्ही."

"पाणीच तं आहे वं बाई. तुले काय प्यायचं आहे?"

"प्यायचं असतं तं घेतलं असतं. याचे पांढरे डाग काचेवर बसले तं निघत नाही. वापस न्या."

"आजचा दिवस वाया जाईन तुहा."

"जाऊ द्या. काचा तं नाही जाणार."

ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही तरी समजवा हिले. मले अजून दोन ठिकाणी जायचं आहे."

सून माझ्याकडे पाहू लागली. निकाल आज लागणार, हे तिला माहीत होतं. बाकीच्या बायका लांब दांड्याचे ब्रश धरून तशाच उभ्या.

मी म्हटलं, "मले काहून विचारून राहिला गा? पाणी तिच्या ताब्यात आहे."

"अन् तुम्ही कोण?"

"सासरा. मले कोण विचारते?"

बायका हसल्या. ड्रायव्हर पुटपुटत टँकर फिरवून गेला. चांगलं पाणी येईपर्यंत ऊन चढलं, काचा धुतल्याच गेल्या नाहीत. सुपरवायझरनं टँकर कुणी परत केला म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मी." बस, एवढंच. कारणं सांगत बसली नाही.

परत येताना ऑटोत तिनं हळूच विचारलं, "मामाजी, मंग उद्यापासून घरी राहू का?"

"काहून? उद्या टँकर आला तं पाणी कोण तपासन? तुहा नवरा?"

तिनं तोंड फिरवलं. हसू दाबायला पदर तोंडाशी धरला होता, पण खांदे हलताना दिसत होते. मी समोर रस्त्याकडे पाहत बसलो.